वांग्याच्या झाडावरची बाळंतीण

लग्न होऊन मी भिवंडीला आले तेव्हा मला झाडापानांतलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. माहेर कल्याणच्या चाळीतलं. तिथे आमची बाग म्हणजे गॅलरीच्या कठड्याला तारेने बांधलेला पत्र्याचा डबा आणि त्यात एक तुळस. सासरचं घर मात्र गावाच्या टोकाला, शेलारकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं आणि घरामागे चांगलं मोठं परस होतं. एक आंबा, दोन शेवगे, पपया, केळीचं बेट, मोगरा, जास्वंद आणि सासूबाईंची भाजी. परसाच्या एका बाजूला कमरेइतकी भिंत आणि भिंतीपलीकडे चाचींचं घर. चाचींच्या यजमानांचा लूमचा कारखाना घराला लागूनच होता. दिवसभर त्याची खडखड चालायची आणि कापसाचा भुगा उडत उडत आमच्या परसात यायचा. कधी कधी मोगऱ्यावर कळ्या कुठल्या आणि कापूस कुठला हे हात लावून बघावं लागे.

मी आले ती माघात, आणि त्याच महिन्यात सासरे कामावरून निवृत्त झाले. ते लूमवर जॉबर होते. माग बिघडला की तो नीट करणारा माणूस म्हणजे जॉबर. सगळी उमर मागांच्या मध्ये गेल्यामुळे त्यांचे कान बसले होते. मोठ्याने बोललेलं ऐकू यायचं, पण बारीक आवाज अजिबात नाही. डोळे मात्र असे तेज, की ताणलेल्या हजार धाग्यांतला तुटलेला एक धागा दारातूनच दिसायचा, असं चाचींचे यजमान सांगायचे.

निवृत्त झाल्यावर बाबा सकाळी सात वाजता, म्हणजे त्यांच्या पहिल्या पाळीच्या वेळेला, परसात स्टूल टाकून बसायला लागले. समोर बघण्यासारखं पुष्कळ होतं. उन्हाळा लागत होता. आंब्याला वाटाण्याएवढ्या कैऱ्या धरल्या होत्या. सरड्यांची डोकी लाल व्हायला लागली होती आणि ते कुंपणावर बसून जोर काढत होते. शेवग्याच्या फुलांवर शिंजीर हे इवले पक्षी लटकायचे. बाबांना ते सगळं दिसायचं, पण ऐकू काहीच यायचं नाही.

एके दिवशी मी कपडे वाळत घालत होते. त्यांनी मला हाक मारली आणि शेवग्याकडे बोट केलं.

"सूनबाई, तो तांबट बघ. मान हलवतोय. बोलतोय का काही?"

मी कान दिला. टुक टुक टुक असा आवाज येत होता.

"बोलतोय बाबा."

"काय म्हणतोय?"

आता तांबट काय म्हणणार. पण मला लग्न होऊन दोनच महिने झाले होते, घरात मोकळेपणाने बोलायला कोणी नव्हतं, नवरा सकाळी ठाण्याला ऑफिसला जायचा तो दिवेलागणीला परत. माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, तो म्हणतोय की म्हाताऱ्याला चहा द्या."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. नव्या सुनेने सासऱ्याला म्हातारा म्हणायचं म्हणजे फारच झालं.

"मग दे की," ते म्हणाले. "पाहुण्याचं ऐकावं."

त्या दिवसापासून मी त्यांचे कान झाले. बुलबुल आला की ते बोट करायचे आणि मी सांगायची, "शेजारणीच्या कैऱ्या जास्त आंबट आहेत म्हणतोय." कोकीळ ओरडला की, "तुमची दादरची बहीण या आठवड्यात येणार म्हणतोय." एकदा दादरची बहीण खरंच आली तेव्हा बाबांनी कोकिळाचं फार कौतुक केलं. त्यांना सगळं कळत होतं. पण एकमेकांना कळतंय असं दोघांनीही दाखवायचं नाही, हा आमचा न ठरवता ठरलेला नियम होता.

सासूबाईंना हे आवडायचं नाही. त्या वाड्याकडच्या एका खेड्यातल्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. पाखरू, किडूक, सरडा यांच्याकडे बघत बसणं म्हणजे रिकामटेकडेपणा, असं त्यांचं मत होतं. अपवाद भारद्वाजाचा. तपकिरी पंखांचा, लाल डोळ्यांचा तो पक्षी केळीच्या बेटातून डुलत डुलत बाहेर आला की त्या हातातलं काम टाकून हात जोडायच्या. सकाळी तो दिसला तर दिवस चांगला जातो. ज्या दिवशी दिसायचा नाही त्या दिवशी दूध नासलं तरी दोष त्याच्या न दिसण्याला.

गुढीपाडवा होऊन आठवडा झाला असेल. बाबांनी मला खुणेने बोलावलं. ते वांग्याच्या वाफ्यापाशी उकिडवे बसले होते.

"हात लावू नको. फक्त बघ."

वांग्याच्या एका झाडाची दोन मोठी पानं एकमेकांना चिकटली होती. नीट पाहिलं तर ती शिवलेली होती. पानाच्या कडेला सुईने पाडावीत तशी बारीक भोकं आणि प्रत्येक भोकातून कापसाचा पीळ ओढून घेतलेला. खाली पानांची झोळी झाली होती. तेवढ्यात अंगठ्याएवढा एक पक्षी शेपटी ताठ उभी करून शेजारच्या भेंडीवर येऊन बसला. पाठ हिरवट, डोक्यावर तांबूस टोपी. चोचीत चाचींच्या कारखान्यातला कापूस होता.

"शिंपी," बाबा म्हणाले. "मादी आहे. टाका बघ कसा घातलाय. थोडा सैल आहे, पण गाठ मारलेली नाही आणि तरी सुटत नाही. आमच्याकडे असा एक कामगार असता तर मी निवृत्त झालोच नसतो."

मग त्यांनी घरात येऊन जाहीर केलं की आजपासून त्या वाफ्यात कोणी जायचं नाही, पाणी लांबून घालायचं आणि वांगी तोडायची नाहीत.

"आनि भरीत?" सासूबाईंनी विचारलं.

"बाजारातून आणू."

"घरात वांगी हायेत आनि बाजारातून आनायची. एका पाखरापायी."

त्या दोन दिवस बाबांशी बोलल्या नाहीत. बाबांना निम्मं बोलणं एरवीही ऐकू येत नसल्यामुळे त्यांना ते कळलं की नाही, देव जाणे.

दुपारी जेवणं झाली की मी भिंतीपाशी जाऊन चाचींशी गप्पा मारायची. चाची माझ्या आईच्या वयाच्या. आमच्याशी मराठी बोलायच्या, कारखान्यातल्या माणसांशी हिंदी आणि रागावल्या की दोन्ही एकदम. मी त्यांना घरट्याबद्दल सांगितलं. त्यांनी साडीचा पदर सावरला आणि भिंतीवरून वाकून पाहिलं.

"हमारा ही कापूस है," त्या समाधानाने म्हणाल्या. "पण सगळं पांढरंच का नेते ती? रंगीत दिलं तर घेईल का नाही, बघू या?"

हा विचार मला फारच आवडला. संध्याकाळी चाचींनी कारखान्यातून तुटक्या धाग्यांचा गुंता आणला. लाल, हिरवा, गुलाबी आणि पांढरा. आम्ही बोटभर लांबीचे तुकडे करून भिंतीवर दगडाखाली टोकं दाबून ओळीने मांडले. दुसऱ्या दिवशी शिंपीण आली, भिंतीवर उड्या मारत फिरली, प्रत्येक तुकडा चोचीने ओढून पाहिला आणि पांढरा घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी एक गुलाबी नेला. मी आणि चाची इतक्या खूश झालो, जणू मुलगी साडी पसंत करून गेली.

बाबा लांबून स्टुलावरून हे बघत होते. मग मला म्हणाले, "तुमचा हिरवा ती कधीच नेणार नाही."

"का?"

"त्याला कांजी आहे. मागावर चढवायच्या आधी धाग्याला कांजी देतात, तो कडक होतो. पांढरा तुटलेला आहे बाण्याचा, म्हणजे आडव्या धाग्याचा, तो मऊ. गुलाबी पण मऊ. ती रंग बघत नाही, सूत बघते."

आम्ही हिरवा धागा कोमट पाण्यात धुऊन, वाळवून पुन्हा ठेवला. तो तिने तासाभरात नेला. बाबांनी स्टुलावरूनच चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. एवढा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर त्याआधी पाहिला नव्हता.

पण चाचींना हार मानवेना. त्यांच्या पुतणीच्या लग्नाचं शिवणकाम घरात चाललं होतं. त्यांनी ओढणीच्या कामातून उरलेला जरीचा एक धागा आणला. वीतभर लांब, सोनेरी, उन्हात धरला की डोळे दिपायचे.

"हे बघून तर तिचा पण दिल फिसलेल," त्या म्हणाल्या.

जरीचा धागा आम्ही भिंतीवर ठेवला. शिंपीण आली, तिने तो एकदा उचलला, टाकला आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी मी बघते तर भिंतीवर धागा नव्हता. मी वाफ्याच्या कडेला गेले. घरट्याच्या बाहेरच्या बाजूला, अगदी वर, एका भोकातून आत आणि दुसऱ्यातून बाहेर असा तो सोन्याचा टाका पडला होता आणि त्याचं टोक वाऱ्यावर लुकलुकत होतं.

मी चाचींना हाक मारायला भिंतीकडे वळले. तेवढ्यात मागून सासूबाई आल्या. त्यांच्या हातात पूजेचं तबक होतं, तुळशीला पाणी घालून त्या परत निघाल्या होत्या. मी कुठे बघतेय म्हणून त्यांनीही पाहिलं.

त्यांनी तबक खाली ठेवलं, पदर डोक्यावर घेतला आणि वांग्याच्या झाडाला नमस्कार केला.

"सोना आनलाय पाखराने," त्या म्हणाल्या. "आपल्या घरात सोना आनलाय."

त्याच क्षणी मी सांगायला हवं होतं की आई, तो जरीचा धागा चाचींचा आहे, आम्हीच ठेवला होता. माझ्या जिभेवर आलंही होतं. पण त्यांनी झाडाच्या बुंध्याला हळदकुंकू लावलं, माझ्या कपाळालाही लावलं आणि म्हणाल्या, "तुझा पाय चांगला गो." लग्नानंतर त्यांनी मला दिलेली ती पहिली शाबासकी. ती मला परत करवेना.

दुपारपर्यंत आळीतल्या चार बायका बघून गेल्या. दुसऱ्या दिवशी दहा-बारा. तिसऱ्या दिवशी दापोड्याहून सासूबाईंच्या चुलत नणंदा आल्या, कशेळीहून कोणी मासे विकणारी बाई टोपलीसकट आली, आणि एकीने तर वांग्याच्या झाडापुढे नारळ फोडला. घरट्यात एक धागा होता, त्याचे बोलता बोलता तीन झाले होते. एक बाई माझ्यासमोरच दुसरीला सांगत होती की पाखरू चोचीत सोन्याची तार घेऊन खाडीवरून आलं, ते सूनबाईंनी डोळ्यांनी पाहिलं. मी मान हलवली. खाली घातली की हलवली, हे ज्याचं त्याने ठरवावं, अशी हलवली.

भिंतीपलीकडे चाची तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. त्यांना हसू आवरत नव्हतं. "अगं, माझ्या पुतणीच्या ओढणीला हळदकुंकू लागलं," त्या कुजबुजल्या. "तिला सांगू का नको?"

मी त्यांना हात जोडले.

पण चौथ्या दिवशी माझं हसू गेलं. सकाळपासून शिंपीण घरट्याकडे आलीच नव्हती. ती भेंडीवर यायची, बायकांचा घोळका बघायची आणि जोरजोरात ओरडत उडून जायची. मला कळत होतं की घरट्यात अंडी आहेत, कारण आदल्या आठवड्यात ती तासन् तास आत बसलेली दिसायची. बाबा स्टुलावर बसून होते. त्यांनी नेहमीसारखं मला विचारलं, "काय म्हणतेय ती?"

या वेळी मी खरं ते सांगितलं.

"ओरडतेय बाबा. घाबरलीय. आणि चूक माझी आहे." मग मी सगळं सांगून टाकलं. चाचींची ओढणी, भिंतीवरचा दगड, जरीचा धागा. "मी ठेवला नसता तर तिने नेला नसता आणि हे झालं नसतं."

बाबा स्टूल माझ्याकडे वळवून बसले.

"तिने नेला नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

त्यांनी बंडीच्या खिशातून एक पातळ पोलादी हूक काढला. मागाच्या फणीतून एकेक धागा ओढून घ्यायला कारागीर वापरतात तो. "तुम्ही दोघी रोज बघत होता, तिचा दिल फिसलतो का म्हणून. मला वाटलं, गंमत करू. ती दाणापाण्याला गेली तेव्हा दोन भोकांतून ओढून घेतला. तू बघशील, शेजारणीला सांगशील, दोघी नाचाल आणि मग मी सांगेन. एवढंच होतं. मधेच ही तबक घेऊन आली."

चार दिवस मी या माणसाची नजर चुकवत होते आणि चार दिवस तोही माझी नजर चुकवत होता.

"मग आईंना सांगू या," मी म्हणाले.

"तू सांग."

"तुम्ही सांगा."

कोणीच उठलं नाही. आतून सासूबाईंचा आवाज येत होता. त्या नव्या आलेल्या बायकांना पाणी देत होत्या आणि पाखराची हकिगत पहिल्यापासून सांगत होत्या. आवाज असा गोड आणि खुललेला होता की मी तो घरात कधी ऐकला नव्हता.

"साप निघाला म्हणून सांगू?" मी विचारलं. "बायका येणार नाहीत."

"बायका येणार नाहीत, पण बाप्ये काठ्या घेऊन येतील. वाफा तुडवून टाकतील." बाबांनी मान हलवली. "हिला सांगून हिच्याकडूनच बंद केलं पाहिजे."

मग मला एकदम सुचलं. मी आत गेले. बायका निघून जाईपर्यंत थांबले आणि सासूबाईंना म्हणाले, "आई, एक विचारायचं होतं. त्या पाखराने अंडी घातलीत. म्हणजे ती बाळंतीणच झाली ना?"

"झालीच."

"मग तिच्या खोलीत इतकी परकी माणसं आलेली चालतात का? दृष्ट नाही लागत?"

सासूबाई हातातला तांब्या तसाच धरून उभ्या राहिल्या. त्यांनी स्वतःची चार बाळंतपणं काढली होती, आळीतल्या कितीतरी जणींची बघितली होती. त्यांचा चेहरा बदलत गेला.

"माझ्या ध्यानात कसा न्हाय आला," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी परसाच्या दाराला कडुनिंबाचा डहाळा लागला, घरात बाई बाळंत झाली की लावतात तसा. दुसऱ्या दिवशी बायका आल्या तेव्हा सासूबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. "बाळंतीन हाय. बारा दिवस कोनी जायाचा न्हाय." एक जण म्हणाली, लांबून बघते. "तुज्या बाळंतीन सुनेला आमी लांबून बगायला आलेलो का?" असं विचारल्यावर ती गेली. दापोड्याच्या नणंदांनाही दारातूनच चहा मिळाला.

दुपारी शिंपीण घरट्यात परतली. मी बाबांना सांगितलं, "आत गेली." त्यांना ते दिसलंच होतं, पण त्यांनी ऐकून घेतलं.

मात्र सासूबाई एवढ्यावर थांबल्या नाहीत. बाळंतपण म्हटलं की त्यांचं डोकं एका ठरावीक वाटेने चालायचं. परसाच्या बाजूची खिडकी उघडी ठेवून मिरच्या परतायच्या नाहीत. रेडिओ हळू. चाचींना त्यांनी निरोप धाडला की भिंतीजवळचं शिवणयंत्र पुढच्या खोलीत हलवता येईल का. चाचींनी हलवलं. "लग्नाचं काम आहे, पण बाळंतिणीसाठी काही पण," असं गंभीर तोंडाने म्हणाल्या आणि मग माझ्याकडे बघून डोळा मारला. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी अहळिवाचे लाडू केले आणि एक लाडू भिंतीवर ठेवला. तो खारीने खाल्ला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवला, तोही खारीने खाल्ला. आठवड्याभरात ती खार अशी गुबगुबीत झाली की शेवग्यावर चढताना मधे एकदा थांबायची.

"काय म्हणतेय ती खार?" बाबांनी विचारलं.

"पुढच्या वेळी खोबरं जास्त घाला म्हणतेय."

पिल्लं झाली तेव्हा सासूबाई सगळ्यांत आधी उठून परसात गेल्या होत्या. त्यांनीच येऊन सांगितलं की आतून चिवचिव येते. नर आणि मादी दोघं मिळून अळ्या आणत होते. बाबांनी मोजमाप सुरू केलं, तासाला किती फेऱ्या. "दोन पाळ्या करतात," ते म्हणाले. "सुट्टी नाही." भेंडीवरच्या अळ्या त्या वर्षी दिसतच नव्हत्या. सासूबाईंना हे पटलं आणि त्या आयुष्यात पहिल्यांदा परसात स्टूल घेऊन बाबांच्या शेजारी बसल्या. निवडायची भाजी मांडीवर घेऊन, म्हणजे रिकामं बसल्यासारखं वाटायला नको.

भारद्वाजाचा प्रसंग घडला तेव्हा मी विहिरीवरून घागर घेऊन येत होते. बाबा आत दाढी करत होते. सासूबाई एकट्या स्टुलावर होत्या आणि केळीच्या बेटातून भारद्वाज बाहेर आला. त्या नेहमीप्रमाणे उठल्या, भाजी बाजूला ठेवली, डोळे मिटून हात जोडले. डोळे उघडले तर भारद्वाज वाफ्यात होता. तो एकेक पाऊल टाकत भेंडीच्या रोपांमधून वांग्याकडे चालला होता आणि वर लुकलुकणाऱ्या टाक्याकडे मान तिरकी करून बघत होता. शिंपी नर-मादी त्याच्या डोक्यावरून ओरडत घिरट्या घालत होते.

"आई, तो पिल्लं खाईल," मी म्हणाले.

"तो? तो न्हाय खानार. तो देवाचा हाय."

भारद्वाजाने पान चोचीत धरून ओढलं.

सासूबाईंनी पायातली चप्पल काढली आणि फेकली. नेम चुकला. दुसरीही फेकली. ती त्याच्या शेपटीला लागली. तो अवघडल्यासारखा उडाला आणि केळीत शिरला. त्या अनवाणी त्याच्यामागे केळीपर्यंत धावल्या, तिथे उभ्या राहून त्यांनी त्याला त्यांच्या गावच्या भाषेत असं काही ऐकवलं की मी घागर खाली ठेवली. मग त्यांना आपण काय केलं ते आठवलं. त्यांनी केळीकडे बघून कान पकडले, हात जोडले, हळू आवाजात माफी मागितली. आणि माफी मागून झाल्यावर जाता जाता म्हणाल्या, "पन परत आलास तर बग."

त्यानंतर त्यांनी रोज सकाळी भारद्वाजाला नमस्कार केला तो एका हाताने. दुसऱ्या हातात चप्पल असायची.

जरीचा धागा बाबांनी त्याच दुपारी हुकाने काढून घेतला. कोणी बघणारं नव्हतं. टाक्याचं लुकलुकणं भारद्वाजाला वाट दाखवतंय, हे आम्हा दोघांच्याही मनात आलं होतं, पण बोललो नाही. सासूबाईंनी संध्याकाळी विचारलं, सोनं कुठे गेलं. मी म्हणाले, पाखराने आत ओढून घेतलं असेल, पिल्लांखाली. त्यांना ते बरोबर वाटलं. बाळंतीण आपले दागिने बाहेर कशाला ठेवील.

पाच-सहा दिवसांनी तीन पिल्लं एका सकाळी बाहेर पडली. शेपट्याही नीट फुटल्या नव्हत्या. एक भेंडीवर, एक भिंतीवर आणि एक थेट चाचींच्या अंगणात. चाचींनी ते ओंजळीत उचलून भिंतीवरून माझ्या हातात दिलं. काही वजनच नव्हतं. मी जास्वंदीवर ठेवलं आणि शिंपीण येऊन त्याला घेऊन गेली. सासूबाईंना बारसं करायचं होतं, घुगऱ्या भिजत घातल्या होत्या. पिल्लं गेली म्हणून त्या थोड्या हिरमुसल्या. घुगऱ्या मग आम्ही आणि चाचींच्या घरच्यांनी खाल्ल्या.

त्याच्या पुढच्या आठवड्यात वांगी तोडली. ती जून झाली होती, आत सगळ्या बिया. सासूबाईंनी त्यांचंच भरीत केलं आणि छान झालंय असं सगळ्यांकडून वदवून घेतलं.

पुढे दर उन्हाळ्यात परसात शिंप्याचं घरटं व्हायचं. कधी भेंडीवर, कधी जास्वंदीवर. पण सोन्याच्या घरट्याची हकिगत तीच राहिली आणि वाढत गेली. माझ्या मुलीला ती सांगितली गेली तेव्हा त्यात पाखराच्या पायात पैंजण आले होते. नव्वद साल उलटून गेल्यावर, मुलगी शाळेत जायला लागली त्या सुमाराला, एका दुपारी मला वाटलं की आता सांगून टाकावं. बाबाही म्हणाले, सांग. आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. ओढणी, दगड, हूक, सगळं.

सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "पाखरानेच आनलाय."

"अगं, मी माझ्या हाताने घातला," बाबा म्हणाले.

"तुमी? तुमाला चष्म्याशिवाय सुई ओवता येत न्हाय. इतका बारीक टाका तुमी घालनार?" त्यांनी शेंगांचं सूप पुढे ओढलं. "आनि ही तर तवा नवीन होती. हिला काय कळत होता."

बाबांना ते लागलं. एवढी वर्षं जॉबर म्हणून काढली आणि आयुष्यातला सगळ्यांत नाजूक टाका एका अंगठ्याएवढ्या पाखराच्या नावावर गेला. दोन दिवस ते जरा गप्प होते. तिसऱ्या दिवशी सासूबाईंच्या माहेरचे पाहुणे आले. परसात चहा चालला होता. त्यांच्यातल्या कोणीतरी विचारलं, ते सोन्याच्या घरट्याचं खरं आहे का.

सासूबाईंनी बाबांकडे पाहिलं. मीही पाहिलं.

बाबांनी कप खाली ठेवला. "खरं म्हणजे काय," ते म्हणाले, "मी याच स्टुलावर बसलो होतो. सकाळची वेळ. खाडीच्या बाजूने ते आलं. चोचीत एवढा लांब धागा, आणि टाका असा घातला की आमच्या कारखान्यात कोणाला जमला नसता. असं कसब मी दुसरीकडे पाहिलं नाही."

पाहुण्यांनी माझ्याकडे बघितलं.

"हो," मी म्हणाले. "मी पण तिथेच होते. कपडे वाळत घालत होते."